सफरचंदाखालची खुर्ची

लाझारच्या लग्नात सफरचंद मामाने पाडायचं, हे ठरलं तेव्हा मामा न्हाणीघरात होता. एरवीही त्या घरातले महत्त्वाचे निर्णय तिहोमिरमास्तर न्हाणीघरात असतानाच होत. बाहेर येऊन ते टॉवेलने कान पुसत आणि आपण कशाला होकार दिला आहे, ते ऐकून घेत.

"दादा, अभिनंदन!" लाझारची आई, म्हणजे मास्तरांची बहीण रुझा म्हणाली. "नेम तू धरायचास."

सर्बियातल्या मोरावा नदीकाठच्या त्या गावांत रीत अशी, की नवरीच्या अंगणात एका उंच वाशाच्या टोकाला सफरचंद खोचतात. वरपक्षाने ते पाडायचं. पाडलं की फाटक उघडतं, बँड वाजतो, नवरी बाहेर येते. नाही पाडलं, तर वऱ्हाड उन्हात ताटकळतं आणि मुलीचे काका आतून विचारतात, "काय हो, चष्मा घरी राहिला का?" पाडायचं ते अर्थात बंदुकीने. आणि रुझाच्या सासरी हा मान नवरदेवाच्या मामाचा.

मास्तरांनी उभं आयुष्य हायस्कुलात भूगोल शिकवला होता. सक्तीच्या लष्करी नोकरीत साहेबांनी त्यांना एकदा नीट न्याहाळून नकाशांच्या खोलीत बसवलं होतं. तिथे त्यांनी रायफल हातात घेतली ती एकदाच, तिच्याखाली अडकलेला बल्गेरियाचा नकाशा सोडवायला.

"रुझा, मला वाटतं..." मास्तर म्हणाले.

"लाझारचे वडील असते तर मी तुला सांगितलं नसतं," असं म्हणून रुझाने डोळ्यांना पदर लावावा तसा मास्तरांचाच टॉवेल लावला. विषय संपला.

"तू?" बायको देसांका एवढंच म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली की पुढचं वाक्य बोलायची गरज उरत नाही.

शेजारच्या रादोयेला ही बातमी भिंतीतून कळली. तो पुसण्याच्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन आला आणि कॉफीच्या कपांमध्ये ठेवून मोकळा झाला. नळी देसांकाकडे.

"रादोये, तिकडे वळव ते."

"रिकामं आहे गं."

"मग रिकामं तुझ्या तोंडाकडे वळव."

रादोयेने ते फ्रीजकडे वळवलं. इथे रादोयेच्या दिवाणखान्याबद्दल सांगायला हवं. त्याच्याकडचा छताचा दिवा खोलीच्या मधोमध नाही, कपाटाच्या बरोब्बर वर आहे. एका नववर्षाला रादोयेच्या अशाच रिकाम्या पिस्तुलाने छताला भोक पाडलं होतं, आणि त्याची बायको मोठी काटकसरी. तिने ते भोक वाया जाऊ दिलं नाही.

"सोपं असतं मास्तर," रादोये म्हणाला. "एक डोळा मिटायचा, श्वास सोडायचा आणि ओढायचा चाप."

"कोणता डोळा?"

"तो तुमच्या आवडीचा."

वरच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं की आधी रकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, एक पेला घ्या, हात थरथरत नाही. समोरचे निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, पेला अजिबात घेऊ नका, छर्र्यांची बंदूक घ्या. छर्रे आपले आपण सफरचंद शोधतात. मास्तरांनी सगळ्यांचे आभार मानले आणि वाचनालयातून बंदूक सुरक्षित कशी हाताळावी याबद्दलचं एक पुस्तक आणलं. मास्तर औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा शेवटपर्यंत वाचणारे. हे पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं. त्यांना ते आवडलं. त्यात एकही विशेषण नव्हतं.

आता शिकायचं म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जायला हवं, आणि तिथे जायचं तर डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला हवा. दाखला देणारी बाई निघाली मास्तरांचीच विद्यार्थिनी.

"मास्तर, तुम्हाला शेवटचा राग कधी आला होता?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एका मुलाने डॅन्यूब नदी काळ्या समुद्राऐवजी एड्रियाटिकला नेऊन सोडली होती, तेव्हा."

"तो कोण?"

"आता तो नगरपालिकेत पाणीपुरवठा बघतो."

"आणि त्या वेळी तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. घरी जाऊन पडून राहिलो."

बाईने पेन खाली ठेवलं. "मास्तर, ज्याला राग येतच नाही अशा माणसाच्या हाती मी बंदूक कशी देऊ? अशी माणसं साठवून ठेवतात. तुम्ही जरा कुणाशी तरी भांडून या, मग बघू."

मास्तर घरी आले आणि त्यांनी देसांकाशी भांडायचा प्रयत्न केला. सुरुवात चांगली झाली होती. पण देसांकाने "सूप गार होतंय" म्हणताच सगळं ढेपाळलं.

हे ऐकून नवरीचा बाप द्रागिशा इतका हसला की त्याचं पोट टेबलाला लागून पेले हलले. द्रागिशा म्हणजे गावच्या शिकारी आणि नेमबाज मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या मिशा त्याच्या आधी खोलीत येत.

"दाखला? व्याहीबुवा, मैदान माझं, बंदुका माझ्या, मग दाखला दाखवायचा कुणाला? रविवारी या. लग्नाचा कोबी चाखून बघायचाय, तोही होईल."

मास्तरांना हे खटकलं. पण खटकलेल्या गोष्टी बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. ते गेले.

मैदान गावाबाहेर, दगडाच्या जुन्या खाणीत. एका टोकाला लक्ष्यं, दुसऱ्या टोकाला पत्र्याचं छप्पर, छपराखाली लाकडी बाकं आणि बाकांवर, जत्रेत खेळणी मांडावीत तशा, बंदुका. छपराच्या कडेलाच विस्तवावर मातीचं मोठं मडकं, त्यात डुकराच्या मांसाबरोबर सकाळपासून रटरटणारा कोबी. वास असा की माणसाने तत्त्वं विसरावीत.

मास्तर विसरले नाहीत, याचं कारण भिंतीवर नियमांचा फलक होता. तो धुराने काळा झाला होता आणि त्याच्या एका खिळ्याला कुणीतरी मांसाची वाळवलेली तंगडी टांगली होती. लिहिलेलं दिसलं की मास्तर वाचणारच. बंदूक नेहमी भरलेलीच समजावी. नळी कुणाकडेही रोखू नये. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावू नये. शेवटचा नियम तंगडीमागे गेला होता. मास्तरांनी दोन्ही हातांनी तंगडी उचलली आणि वाचलं: लक्ष्याच्या पलीकडे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडू नये.

"मास्तर, ती अजून वाळायचीय!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मागे वळून बघतात, तर एक खाटीक रायफल खांद्यावर आडवी टाकून फोनवर बोलत गोल गोल फिरत होता, आणि त्याच्याबरोबर नळीही सगळ्या मंडळींवरून फिरत होती, देवळात धूप फिरवतात तशी. दुसरा एकजण लक्ष्याचा कागद बदलायला पुढे चालत गेला होता. त्याच्या शेजारच्या लक्ष्यावर गोळीबार चालूच होता. "अरे, मी डावीकडे मारतोय, तो उजवीकडे आहे," असा खुलासा मिळाला. मास्तर खांबामागे उभे राहिले. खांब बारीक होता.

"या व्याहीबुवा, घ्या," द्रागिशाने पिस्तूल पुढे केलं.

"आधी उघडून दाखवता का?" मास्तर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा बोलावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तो जरा जास्तच मोठा निघाला.

"रिकामं आहे."

"पुस्तकात असं म्हटलंय की..."

"पुस्तकात!" द्रागिशा मंडळींकडे वळला. "ऐका रे, मास्तरांनी बंदूक वाचलीय! अहो, मी तिसाव्या वर्षापासून... नाही, तिसाव्या कसला, मला दात नव्हते तेव्हापासून हे हातात आहे. रिकामं म्हणजे रिकामं. हे बघा!"

आणि त्याने जमिनीकडे रोखून चाप ओढला.

आवाज खाणीत तीन बाजूंनी परत आला. मग मडक्याच्या पोटातून कोबीच्या रश्शाची एक बारीक, वाफाळती धार निघाली आणि मास्तरांच्या बुटावर पडू लागली.

घटकाभरापूर्वी मास्तर वास घ्यायला त्याच मडक्यावर वाकले होते. पण तंगडीमागचा नियम त्यांना अस्वस्थ करत होता, म्हणून ते उठून भिंतीकडे गेले होते. वाचनाचे फायदे ते आयुष्यभर मुलांना सांगत आले होते. इतका ठळक फायदा त्यांच्याही वाट्याला प्रथमच आला होता.

द्रागिशाने पावाचा लगदा करून भोकात कोंबला. "मडकं जुनं होतं," तो म्हणाला.

"उष्णतेने तडकतात," खाटीक म्हणाला.

"आमच्या मावशीकडे असंच झालं होतं," तिसरा म्हणाला.

"त्याला गोळी लागली," मास्तर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मास्तरही स्वतःकडे बघत असावेत, अशा चेहऱ्याने उभे होते.

"व्याहीबुवा," द्रागिशा हळू आवाजात म्हणाला, "माझ्या मैदानावर, माझ्या माणसांसमोर, मला खोटं पाडता? घरी जा. लग्नाच्या दिवशी या, बंदूक मी देईन, पाडा सफरचंद. नाही पाडलं तर मुलगी नाही. आणि तोवर इथे फिरकू नका, तुमच्यामुळे लोकांची मजा जाते."

मास्तर चालत निघाले. बुटात कोबी चपचपत होता. पावलं नेहमीपेक्षा भरभर पडत होती, पण ती भीतीने की आणखी कशाने, हे गावाच्या वेशीपर्यंत त्यांना कळलं नाही. तिथे कळलं. राग आला होता. खरा, भरघोस, डॅन्यूबपेक्षा मोठा. आज रविवार नसता तर दाखलासुद्धा मिळाला असता.

लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी काठी घेतली आणि द्रागिशाच्या घरामागची टेकडी चढायला सुरुवात केली. अंगणात वासा कुठे उभा करणार हे रुझाने सांगितलं होतं. त्याच्या टोकावरून जाणारी गोळी कुठे उतरेल, एवढंच त्यांना बघायचं होतं. भूगोलाच्या माणसाला हे काही अवघड नाही. गोळी आकाशात जाते आणि तिथेच राहते अशी त्या भागात समजूत आहे, पण मास्तर तिच्याशी कधीच सहमत नव्हते.

टेकडीपलीकडे एक छोटं घर होतं. दारात स्तानिया आजी मिरच्या ओवत बसल्या होत्या. छपरावर निम्मी कौलं जुनी काळपट, निम्मी नवी लाल, मधेमधे, वाटेल तशी.

"लग्न कधी आहे?" मास्तर काही बोलायच्या आत आजींनी विचारलं.

"उद्या. तुम्हाला कसं कळलं?"

"तू छपराकडे बघतोयस ना. त्या अंगणात लग्न असलं की माझी कौलं जातात. द्रागिशाच्या थोरलीच्या लग्नाला तर कोंबडा गेला. आता बँड ऐकू आला की मी कोंबड्या घेऊन तळघरात जाते आणि तिथेच जेवते."

"तुम्ही द्रागिशाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. म्हणाला, कौलं जुनी होती."

मास्तरांनी खाली पडलेली एक मिरची उचलून आजींना दिली. मग म्हणाले, "आजी, उद्या लग्नाला याल का? माझ्याकडून?"

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड द्रागिशाच्या फाटकात पोहोचलं तेव्हा बँडवाल्यांचे गाल फुगून लाल झाले होते. लाझारचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. आत मुलीकडची मंडळी, कमरेला रिकामी पिस्तुलं आणि हातात भरलेले पेले घेऊन उभी होती. निदान त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तरी तसं होतं. वाशाच्या टोकावर लालचुटुक सफरचंद. द्रागिशाने रायफल पुढे केली.

"घ्या मामासाहेब. मान तुमचा."

मास्तरांनी रायफल घेतली नाही. त्यांनी अंगणातली एक खुर्ची उचलली, वाशाखाली नेली आणि तिच्यावर बसले. मग दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि स्तानिया आजींना हात देऊन बसवलं. आजींच्या मांडीवर कोंबडी होती. बाकीच्या तळघरात होत्या, पण हिला मागे ठेवायचा धीर त्यांना झाला नव्हता.

बँड एकेक वाद्य करत थांबला.

"हे काय?" द्रागिशा म्हणाला.

"पलीकडे काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय गोळी झाडू नये," मास्तर म्हणाले. शब्द आपोआप येत होते, पाठ केलेल्या कवितेसारखे. "तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. तंगडी उचलून वाचा. टेकडीपलीकडे या राहतात."

"आणि कोंबडी," आजी म्हणाल्या.

"दादा!" रुझा किंचाळली. "ऊठ तिथून! माझ्या पोराचं लग्न मोडशील!"

"मामा, प्लीज," लाझार म्हणाला. "एकच तर गोळी आहे."

"एकच पुरते," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी मडक्यालाही एकच लागली."

कुजबुज झाली. मडक्याची खरी हकिगत मुलीकडच्या बायकांपर्यंत पोहोचली नव्हती, हे द्रागिशाच्या बायकोच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना दिसलं. द्रागिशाचे कान लाल झाले.

"ऐका मास्तर! आमच्या सात पिढ्यांची रीत आहे. सफरचंद नाही तर मुलगी नाही!"

"मग नाही," मास्तर म्हणाले.

असं काही ते बोलतील, यावर त्या अंगणात कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि सर्वांत कमी मास्तरांचा. वरच्या खिडकीत नवरी यागोदा चेहऱ्यावरची जाळी मागे टाकून ओणवी झाली होती. लाझारने मामाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि खाली मान घातली. आपण चुकत असू, हा विचार मास्तरांच्या मनात आला. तो त्यांच्या मनात नेहमीच असतो. पण ते उठले नाहीत.

"रीत सफरचंद पाडायची आहे," ते म्हणाले. "कशाने, ते रीतीत नाही. बंदुका नव्हत्या तेव्हाही लग्नं होत होती."

हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की त्याच क्षणी सुचलं होतं, हे पुढे त्यांनाही सांगता आलं नाही.

"मग कशाने पाडणार? भूगोलाने?" खाटीक ओरडला.

तेवढ्यात यागोदाचा आवाज आला. "स्वयंपाकघरात बटाट्यांचं पोतं आहे! लाझार, उभा काय राहिलास?"

मास्तरांनी दोन्ही खुर्च्या भिंतीलगत सरकवल्या आणि आधी सगळ्या बंदुका उघडून टेबलावर ठेवून घेतल्या. कुणीही आनंदाने ठेवली नाही. मग लाझारने पहिला बटाटा मारला. तो थेट बँडच्या मोठ्या पितळी वाद्यात गेला. लाझारच्या मित्रांनी मारले. एक केकच्या दिशेने जाऊन थोडक्यात चुकला. रुझाने रडत रडत दोन मारले. हळूहळू मुलीकडचेही सरसावले, कारण दुसऱ्याचा नेम चुकताना नुसतं बघत बसणं त्या गावात कुणाला जमत नाही. सफरचंद जागचं हललं नाही.

द्रागिशा हाताची घडी घालून उभा होता. पण हळूहळू ती घडी सुटत होती.

"अरे, असं मारतात? मनगट वापर, मनगट! हात आहे की वल्हं?... छे! बाजूला हो. दे इकडे."

त्याने बटाटा तळहातावर जोखला, एक डोळा मिटला, हात मागे नेला.

"द्रागिशा," भिंतीजवळून मास्तर म्हणाले. "पलीकडे."

द्रागिशाने दातओठ खाल्ले. मग त्याने हात खाली घेतला, वाशाला वळसा घालून पलीकडे गेला, तिथे ताटं घेऊन उभ्या असलेल्या दोन वाढप्यांना हाकललं, कुंपणावरून टेकडीकडे एकदा नीट बघितलं, परत आला आणि मारला.

सफरचंद फुटून दोन बाजूंना उडालं. द्रागिशाने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, आणि ती मधेच विझली. आपलीच मुलगी आपण आपल्या हाताने देऊन बसलो, हे त्याला सर्वांच्या नंतर कळलं. तोवर यागोदा जिना उतरून लाझारच्या गळ्यात पडली होती आणि बँडवाला वाद्यातून बटाटा काढायला वाद्य उलटं करून हलवत होता.

या आनंदात रादोयेचा हात सवयीने कोटात गेला. त्याने आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं नव्हतं. ते रिकामं होतं ना.

"रादोये!" आरोळी मास्तरांची नव्हती. द्रागिशाची होती. "उघड!"

"अरे, रिकामं आहे."

"उघडून दाखव!"

रादोयेने उघडलं. काडतूस टेबलावर पडलं, गोल फिरलं आणि एका चुकलेल्या बटाट्याशी जाऊन थांबलं. रादोयेच्या बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की घरात आता दुसऱ्या दिव्याला जागा नाही, हे सगळ्यांना कळलं.

जेवणाची हाक झाली. लोक टेबलांकडे निघाले. मास्तर मात्र खुर्चीतून उठले नाहीत.

"अजून अडून बसलेत," खाटीक कुजबुजला.

द्रागिशा जवळ आला. "मास्तर, आता काय राहिलं? बरं, काडतुसं तळघरात टाकून कुलूप लावतो. चालेल?"

मास्तरांनी खुर्चीची कड आणखी घट्ट धरली.

"बरं बाबा, म्हातारीची कौलं मी बसवून देतो. सगळी. आणि कोंबडाही."

"तुरेवाला," आजी म्हणाल्या.

"तुरेवाला! आणि तो फलक धुऊन काढतो, तंगडी दुसरीकडे टांगतो. आता तरी उठा!" उत्तर न येताच तो किल्ल्या शोधायला धावला.

देसांका इतका वेळ लांबून बघत होती. ती आली, वाकली आणि नवऱ्याच्या गुडघ्यांवर हात ठेवला. गुडघे शिवणयंत्रासारखे चालले होते.

"उठता येत नाहीये ना?"

"नाही," मास्तर हळूच म्हणाले.

देसांकाने त्यांच्या मांडीवर रुमाल पसरला आणि कोबीची थाळी आणून ठेवली.

"मग बसून राहा," ती म्हणाली. "बरं चाललंय."